सेल बसला

लॅपटॉप जाडजूड होते, त्या काळातली गोष्ट. सुमेधाताई चौबळांच्या लॅपटॉपमध्ये एक थोरली बॅटरी होती आणि मदरबोर्डच्या कोपऱ्यात बटणाएवढा सेल.

“सगळं घर मी चालवते. तू नुसता बसून असतोस,” बॅटरी त्याला हिणवायची.

“तुम्ही सगळे झोपता, तेव्हा घड्याळ मी चालवतो,” सेल ताठ मानेने सांगायचा.

एके दिवशी सेल खरोखरच बसला. त्याच्यात जीवच उरला नाही. लॅपटॉप उठला तो दहा वर्षं मागच्या तारखेला. ती तारीख पाहून एकही वेबसाइट त्याला दारात उभं करेना. बॅटरी शंभर टक्के भरलेली, पण उपयोग शून्य.

सुमेधाताईंनी दुकान गाठलं नाही. बॅटरी काढून टेबलावर ठेवली, स्क्रू सोडवले, मेलेला सेल काढला आणि नवा दाबून बसवला.

“बसला,” त्या अभिमानाने म्हणाल्या.

टेबलावरून बॅटरी ओरडली. “अरे देवा, हाही बसला?”

“जागेवर बसलोय,” नवा सेल म्हणाला. “आता तुम्ही खुशाल झोपा.”