घोटीव कागदावरची हळद

विषय : राजकन्येच्या लग्नाच्या तसबीर-पत्रिकांसाठी कागद व छपाईची पद्धत ठरविणे, आणि त्यातून उद्भवलेला एक अर्ज.

संदर्भ : फार फार वर्षांपूर्वीचा. नेमके साल दप्तरात सापडत नाही.

एका राज्यात चाल अशी होती, की लग्नपत्रिकेवर वधूची तसबीर छापायची, चारी कोपऱ्यांना ओल्या हळदीकुंकवाची बोटे लावायची आणि मगच ती घराबाहेर पाठवायची.

राजकन्येचे लग्न ठरले. कारभाऱ्यांनी कागदाचे नमुने मागवले. त्यात एक कागद अकीकाच्या गोट्याने इतका घोटलेला होता, की कारभाऱ्यांना त्यात आपल्या मिश्या दिसल्या. निवड तिथेच संपली.

मग त्यांनी ठसेवालीला बोलावले. लाकडावर चेहरे कोरण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. तिने कागदाचा कोपरा जिभेला लावला आणि कागद खाली ठेवला.

"कारभारी, हा पाणी पीत नाही. म्हणजे शाईही पिणार नाही. चिंध्यांचा जाड कागद घ्या. मी ठसा दाबून छापते, दोन दिवस दोरीवर वाळवते."

"जाडाभरडा कागद? शेजारचे राजे काय म्हणतील?"

"म्हणतील, मुलगी ओळखू येते."

"मावशी, कागद ठरला आहे. पद्धतही ठरली आहे. कातरलेला खाका कागदावर ठेवून त्याच्या भोकांतून रंग फासायचा. घटकेत शंभर होतात."

"ठीक. एकच फासा आणि त्यावर ओल्या हळदीचं बोट लावून बघा."

कारभारी गंभीर झाले. "हळद हा पुरोहित खात्याचा विषय आहे. आपला विषय कागद."

"मग माझा हात या कागदाला लागणार नाही. तसबिरीखाली माझी खूण असते. उद्या लोक खूण बघून माझ्या दारात येतील, तुमच्या नाही."

दरबारात कुणी असे बोलत नसे. कारभाऱ्यांनी तिची ठशांची पेटी जप्त केली. आत्याकडून आलेली पेटी होती ती. तिच्यावाचून ठसेवालीचे दुकान म्हणजे नुसता ओटा.

"पेटी न्या," ती म्हणाली. "हात इथेच राहतील."

पत्रिका खाक्यावरून रंगल्या. अशा चकाकल्या, की दरबार दिपला. मग त्या रीतसर पुरोहित खात्याकडे गेल्या. तिथल्या मंडळींनी कोपऱ्यांना हळदीकुंकू लावले आणि गठ्ठे बांधून गावोगाव पाठवले. घोटीव कागदावर हळद टिकेना. ती घसरत तसबिरीवर आली आणि रंग घेऊन पुढे गेली. कुठे राजकन्येला पिवळी दाढी आली, कुठे नाकच गेले. शेजारच्या राजाने नम्रपणे विचारले, 'तसबिरीत वधू आहे की वधूपिता, हे कळावे.'

कारभाऱ्यांनी पुरोहित खात्याचा खुलासा मागवला. पुरोहित खात्याने कागद खात्याकडे बोट दाखवले, तेही हळदीचे.

लग्न आठ दिवसांवर आले. राजकन्या स्वतः ठसेवालीच्या ओट्यावर येऊन बसली.

"मावशी, माझं तोंड परत द्या."

"देते की. पण पेटी कचेरीत आहे. ती सुटायला अर्ज लागतो आणि अर्जाला किती दिवस लागतात ते देवालाही ठाऊक नाही."

"मग?"

ठसेवालीने दुकानाच्या दाराची एक फळी उचकटली आणि लोहाराकडून उसनी छिन्नी आणली. "हलू नका," ती म्हणाली. "आणि हसूही नका. तुमचं नाक आधीच एकदा गेलंय."

परवाना नव्हता, हुकूमही नव्हता. तिने चिंध्यांच्या कागदावर पत्रिका छापल्या, दोरीवर वाळवल्या आणि हळदीची बोटे स्वतः लावली. हळद कोपऱ्यात राहिली, चेहरा जागेवर राहिला. पत्रिका पोचल्या, पाहुणे आले, लग्न लागले.

मग ठसेवालीने पेटीसाठी अर्ज लिहिला. कचेरीने तो परत केला. उरलेला घोटीव कागद खपवायचा असल्याने यापुढे अर्ज त्यावरच घेतले जात होते.

"माझं मागणं उद्याही वाचता यायला हवं," असे म्हणून तिने तोच जाडाभरडा अर्ज पुन्हा कारभाऱ्यांपुढे ठेवला.

कारभाऱ्यांनी नकाराचा हुकूम काढला, अर्थात घोटीव कागदावर. वाळायच्या आतच त्यांनी त्यावर मनगट टेकले. हुकूम त्यांच्या बाहीला लागला आणि बाही धोब्याकडे गेली.

त्यामुळे सदर अर्ज नामंजूर झालेला नाही. मंजूरही झालेला नाही. त्यावरची शाई अजून काळीभोर आहे. ठसेवाली दर सोमवारी कचेरीत जाते, अर्ज वाचता येतो ना एवढे बघते आणि दाराच्या उरलेल्या फळ्यांवर ठसे कोरायला परत येते. अर्ज विचाराधीन आहे.

तात्पर्य : जो कागद शाई पीत नाही आणि जो अधिकारी शब्द ऐकून घेत नाही, ते दोघे कितीही चकाकले तरी त्यांच्यावर काही उमटत नाही.