निंबाजीची पिवळी अक्षत

त्या दिवशी धुकं असं दाटलं होतं की बांधावरची बोर दारातून दिसत नव्हती. गारठा नुसता झोंबत होता. अशा हवेत चिमी नावाची एक मुलगी खोकणाऱ्या मावसभावाला चिकटून बोरं खात बसली होती. दोघांची एकच ओंजळ, बरं का.

तर या चिमीच्या नाकात एक गाव होतं. हसू नका रे, होतं. एवढंसं गाव. वारा आत यायचा, वारा बाहेर जायचा, दिवसभर हेच. गावात कोष्ट्यांची आळी होती. घरोघर माग, आणि चिमीच्या अंगाला जे जे लागेल ते सगळे विणत बसायचे. खटक खटक, खटक खटक. आवाज एवढा की शेजारच्याची हाक शेजारच्याला ऐकू जायची नाही.

आळीच्या तोंडाशी निंबाजी कोष्टी राहायचा. त्याच्यापुढे कोंडिबा, मग तुळजाबाई, आणि अगदी शेवटच्या घरात निंबाजीची लेक रखमा नांदत होती. नुकतंच लग्न झालेलं, नवा माग, नवा संसार.

मग त्या धुक्यातून वाऱ्याबरोबर एक पाहुणा आला. त्याला ना हात, ना पाय, ना पोट. जवळ फक्त एक दोरा, आणि दोऱ्याला गाठीच गाठी. निंबाजीच्या दारावर त्याने घरच्या माणसासारखी टकटक केली. निंबाजी भोळा. म्हणाला, "या, बसा." पाहुणा बसला नाही. त्याने सरळ आपला दोरा मागावर चढवला. मग काय, माग त्या गाठींच्या तालावर चालायला लागला आणि धोतरं, लुगडी सोडून नुसते पाहुणेच विणायला लागला. एक पाहुणा, दुसरा पाहुणा, घरात ही दाटी. निंबाजीचे पाय मागाला चिकटले, उजवा हात सूत इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याला चिकटला. सुटेना.

निंबाजीच्या मनात आलं, माझं घर तर गेलं. घर भरलं की हे सगळे बाहेर पडणार. मग कोंडिबा, मग तुळजाबाई, मग माझी रखमा. ओरडावं, तर खटक खटकमध्ये ऐकणार कोण?

मग त्याने हळूहळू विचार केला. या आळीतले माग कधी थांबतात? एक, कुणी मेलं तर. दुसरं, लग्नाची अक्षत आली तर. त्या आळीची रीतच होती. हळदीचे तांदूळ उंबऱ्यावर पडले, की हातचा माग तिथेच थांबवायचा, मागावर उघडी कात्री ठेवायची, म्हणजे मागे भुताने येऊन विणू नये, आणि मूठभर अक्षत पुढच्या घरी टाकायची.

निंबाजीचा डावा हात मोकळा होता. कोनाड्यात तांदूळ होते, हळद होती. डाव्या हाताने अक्षत देऊ नये म्हणतात, पण त्याला दुसरा हात होता कुठे? त्याने खिडकीतून मूठ भिरकावली.

कोंडिबाच्या उंबऱ्यावर पिवळे दाणे पडले. "आं? निंबाजीकडे लग्न?" कोंडिबा म्हणाला. "लेकीचं तर झालं. आता काय स्वतःचं काढलं की काय याने?" पण रीत ती रीत. त्याने माग थांबवला, कात्री ठेवली, आणि मूठभर अक्षत तुळजाबाईकडे टाकली. मग फेटा शोधायला लागला.

तेवढ्यात निंबाजीचं घर फुटलं आणि पाहुण्यांची झुंड बाहेर पडली.

पहिले घुसले कोंडिबाकडे. दोरा चढवला. माग बंद, कोण विणणार? बसले वाट बघत.

दुसरे घुसले तुळजाबाईकडे. त्यांनी दोरा मागावर टाकला, तो नेमका उघड्या कात्रीत. कच्च. गाठी इकडे, दोरा तिकडे.

तिसरे धावले रखमाच्या घराकडे. आणि तिचा माग चालू होता, बाळांनो. कारण तुळजाबाई नवं लुगडं नेसत बसली होती, आणि पुढे द्यायची अक्षत तिच्या मुठीतच राहिली होती.

मग काय झालं? चिमीला शिंक आली. अशी शिंक, की आळीतून वावटळच गेली. तुळजाबाईची मूठ उघडली, दाणे उडाले, आणि पाहुणे उंबरा ओलांडायच्या आत रखमाच्या मागावर टपटप पडले. रखमाने उचललेला पाय तसाच धरला. माग थांबला. कात्री ठेवली.

मग गावचे पहारेकरी आले. पाहुण्यांना त्यांनी गोण्यांत भरून नेलं. निंबाजीचं पडकं घर उतरवलं आणि त्याला धरून बाहेर काढलं. रखमा धावत येऊन त्याच्या गळ्यात पडली.

सगळी आळी त्या दिवशी बंद, म्हणून चिमीचं अंग मोडून आलं, ताप चढला. आईने पेज दिली, गोधडीत गुंडाळलं. तुम्हाला कणकण येते ना, तेव्हा समजायचं, अक्षत फिरली, माग थांबलेत. दवाखान्यातल्या बाई त्या दाण्यांना इंटरफेरॉन म्हणतात. माझी जीभ अडखळते, म्हणून आपली अक्षतच बरी.

मग हळूहळू एकेक माग सुरू झाला. चिमी उठून खेळायला लागली. आळी सुखात नांदली. आता डोळे मिटा. मिटल्या डोळ्यांनीसुद्धा एवढं ऐकू येतं.

त्या दिवशी पहारेकरी गेल्यावर निंबाजी मान खाली घालून उभा होता. समोर सगळे नटूनथटून आलेले. तो म्हणाला, "लग्न नव्हतं हो माझ्याकडे. खोटीच अक्षत दिली, तीही डाव्या हाताने. आणि आता घरही नाही, की तुम्हाला गूळपाणी देईन."

तेव्हा तुळजाबाई लुगड्याचा पदर खोचत म्हणाली, "अरे, घरं राहिली म्हणजे लग्नं होतील हळूहळू. तुझं घर आम्ही बांधू. तू आधी हात धू, पान वाढलंय."