बंद न करायचे इंजिन

एक वृद्ध तांडेल खाडीच्या मुखाशी राहत असे. शिडाची होडी हाकणे आणि तिच्यातले डिझेल इंजिन दुरुस्त करणे, या दोन्ही विद्या त्याच्याजवळ होत्या. समुद्रावर जाणे त्याने सोडले होते. आता तो फक्त शिकवत असे. त्याचा एक शिष्य होता, संसारी आणि कामसू. त्या दिवसांत तो कोणाशी फारसे बोलत नसे.

पावसाळ्याच्या तोंडावर शिष्याचा थोरला भाऊ गेला होता. भाऊ एका व्यापाऱ्याच्या होडीवर तांडेल होता आणि समोरच्या बेटावर माणसे व सामान पोचवत असे. एका दुपारी खडकांपाशी एक म्हातारी तोल जाऊन पाण्यात पडली. होडीखालचा पंखा फिरत असताना बुडत्या माणसाला होडीजवळ घेता येत नाही, म्हणून भावाने इंजिन बंद केले. म्हातारीला वर ओढले. मग सेल्फ मारला, पण इंजिन चालू होईना. वारा पडलेला होता, शीड नुसते लोंबत होते. ओहोटीने होडीला कातळाकडे ओढत नेले. नांगर टाकला, तर गुळगुळीत तळावर तो धरेना. भावाने एकेका माणसाला खडकावर उतरवले, आणि शेवटी होडी व कातळ यांच्यामध्ये तो स्वतः चिरडला गेला.

गाव आधी हळहळले, मग बोलू लागले. "त्या होडीचं इंजिन समुद्रात बंद करायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. यानं केलंच कशाला?" व्यापारी तर भेटेल त्याला सांगे, "मी किती वेळा बजावलं होतं त्याला!" भावाची बायको नळावर हे ऐके आणि खाली मान घालून घरी येई. शिष्य तिची समजूत घालू शकत नव्हता, कारण मनातून त्यालाही भावाचा रागच आला होता.

पाऊस सरला. होडीची फुटलेली बाजू दुरुस्त झाली. व्यापाऱ्याने शिष्यालाच तांडेल नेमले. पहिल्या फेरीच्या आदल्या दिवशी तो वृद्धाच्या पाया पडायला गेला.

"आबा, उद्यापासून जातो. इंजिनात काही दोष नाही. फिल्टर धुतला, हवा काढली, बॅटरी नवी घातली."

"तपासलंस केव्हा?"

"रोज सकाळी. अगरबत्ती ओवाळतो, सेल्फ मारतो. पहिल्या झटक्यात उठतं."

"आणि दुपारी?"

"दुपारी ते चालूच असणार, आबा. बंद करायचंच नाही त्याला. शेटनी घालून दिलेली रीत आहे त्या होडीची."

वृद्ध उठला. मग म्हणाला, "मला जरा फिरवून आण."

ऊन चढले होते आणि वारा नव्हता. इंजिन चांगले तापेपर्यंत वृद्ध इंजिनापाशी बसून राहिला. पुढे तेच खडक दिसू लागले. एका कातळावर होडीचा निळा रंग अजून लागलेला होता. शिष्याने मान फिरवली, आणि त्याच क्षणी वृद्धाने हात पुढे करून इंजिन बंद केले.

"आबा! काय केलंत हे?"

"तुझ्या भावानं केलं तेच."

शिष्याने सेल्फ मारला. नवी बॅटरी जोमाने फिरवत होती, पण इंजिन पेट घेत नव्हते. पुन्हा मारला, पुन्हा मारला. होडी हळूहळू ओढली जाऊ लागली.

"नांगर टाक. इथं तळाला वाळू आहे, म्हणूनच इथं थांबवली," वृद्ध म्हणाला.

नांगर धरला, दोर ताणला गेला, होडी थांबली. मग वृद्धाने डोक्याचे फडके सोडले, पिण्याच्या पाण्याच्या कळशीत बुचकळले आणि इंजिनाच्या डिझेल पंपावर ठेवले, तापकरी मुलाच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसे. वाफ निघाली. त्याने फडके पुन्हा भिजवले, पुन्हा ठेवले. म्हाताऱ्याला भ्रम झाला की काय, असे शिष्याला वाटले.

"आबा, पाणी संपेल प्यायचं."

"संपू दे. आता मार."

इंजिन धडधडत चालू झाले.

वृद्ध म्हणाला, "पंप आतून झिजलाय. थंड डिझेल जरा दाट असतं, झिजलेल्या पंपातही ते दाब धरतं. तापलं की पातळ होतं आणि फटीतून मागे निसटतं. चालू आहे तोवर वेगात निभावून जातं, एकदा थांबलं की गार होईपर्यंत उठत नाही. तू इंजिनाला सकाळी विचारत होतास, आणि सकाळी ते खरंच ठीक होतं. पण सगळ्या होड्यांची इंजिनं बंद होतात आणि पुन्हा चालू होतात. या एकाच होडीला अशी रीत का लागावी? तुझ्या शेटनं नवा पंप बसवायचा सोडून रीत बसवली, आणि तुम्ही ती पाळलीत."

शिष्य नांगराचा दोर ओढू लागला. मग तो हळूच म्हणाला, "पण दादाला माहीत होतं. बंद केलं तर पुन्हा उठायचं नाही, हे त्याला माहीत होतं."

"होतं. तरी त्यानं बंद केलं. म्हातारीच्या पायाशी पंखा फिरत होता."

दुसऱ्या सकाळी धक्क्यावर गर्दी होती. माणसे होडीत बसली होती, व्यापारी नारळ घेऊन उभा होता. शिष्याने सेल्फ मारला, इंजिन पहिल्या झटक्यात उठले. "बघा, कसं उठलं!" व्यापारी हसून म्हणाला. पण शिष्याने दोर सोडला नाही. धक्क्याला बांधलेल्या होडीत त्याने इंजिन जोरात चालू ठेवले.

"निघ की आता! ओहोटी लागेपर्यंत बसायचं का?" माणसे कुरकुरू लागली.

"डिझेल काय तुझा बाप भरणार आहे?" व्यापारी ओरडला.

इंजिन पुरते तापल्यावर शिष्याने ते बंद केले आणि तो बाजूला सरकला. "शेट, आता तुम्ही मारा सेल्फ."

व्यापारी नारळ धरून उभा राहिला. त्याचा हात पुढे आला नाही. माणसांनी त्याच्या हाताकडे पाहिले, मग त्याच्या तोंडाकडे, आणि एकेक जण होडीतून उतरू लागला.

भावाची बायको दिराचा डबा घेऊन पायरीवर आली होती. तिने विचारले, "म्हणजे ह्यांनी चुकून नव्हतं बंद केलं?"

"नाही वहिनी. म्हातारीला वाचवायला दादानं सगळं जाणून बंद केलं."

तिने डबा खाली ठेवला आणि ती तिथेच पायरीवर बसली. नवरा गेल्यापासून गावासमोर तिने पहिल्यांदाच मान वर केली होती. तिचे डोळे वाहत होते, आणि ते तिने पुसले नाहीत.

जिथे 'हे कधी थांबवायचे नाही' अशी रीत असेल, तिथे ती कोणी आणि काय झाकायला घातली, एवढे आपण वेळेवर विचारावे.