अक्षरोबा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या नदीचं नावही आता कुणाला आठवत नाही. नदीकाठच्या टेकाडावर एक गाव होतं आणि उताराच्या मध्यावर एक उभा दगड होता. पूर्वजांनी त्यावर काही अक्षरं कोरून ठेवली होती. गावात वाचता कुणालाच येत नव्हतं; पण अक्षर म्हणजे सरस्वती, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी दगडाचं नाव ठेवलं अक्षरोबा, आणि गुरव दर अमावास्येला त्याला तेल-शेंदूर फासू लागला. थरावर थर चढले नि अक्षरं दिसेनाशी झाली. नवस मात्र वाढले.

पुढे गाव वाढलं. वर जागा पुरेना, तेव्हा देवाच्या पायाशी, नदीकडच्या उतारावर घरं उठली. एका कुंभारणीची लेक तिथेच नांदत होती. गुरवाचं घरही तिथेच होतं.

त्या साली गावात एक पंतोजी आले आणि मुलांना धूळपाटीवर अक्षरं शिकवू लागले. चाळिशीची कुंभारीणही मुलांच्या ओळीत जाऊन बसली. सगळे हसले. हे तर पालथ्या घड्यावर पाणी, असं गुरव म्हणाला.

"घडे मीच घडवते, बाबा," ती म्हणाली. "पालथा घडा सुलटा करता येतो."

ओल्या मडक्यांवर बोटानं ती अक्षरं गिरवी. वर्षभर गाव त्याच मडक्यांतलं पाणी प्यायलं.

उन्हाळ्यात अक्षरोबानं खोळ सोडली. शेंदराचं कवच आपोआप गळून पडलं. गाव गोळा झालं. कुंभारीण पुढे झाली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत तिनं वाचलं, "पाणी येथवर चढले होते. याखाली घर बांधू नये."

तिनं वळून खाली लेकीच्या घराकडे पाहिलं. मग गुरव म्हणाला, "पोरी, देव पुजायचा असतो. वाचायचा नसतो."

संध्याकाळपर्यंत त्यानं दगडाला नवा शेंदूर फासला. लोकांना हायसं वाटलं, हे सांगताना मला आजही वाईट वाटतं. बांधलेलं घर सोडणं कुणाच्या जिवावर येत नाही? कुंभारणीची लेक तेव्हा पोटुशी होती. कुंभारीण मात्र रोज तिच्या दारात जाऊन रडली, विहिणीच्या पाया पडली. शेवटी तेवढं एकच घर वर आलं.

श्रावणात, भर दुपारी, नदी चढली. पाणी अक्षरोबाला टेकलं आणि तिथेच थांबलं. खालचं एकही घर उरलं नाही. गुरव वर पूजेला आला होता, म्हणून वाचला. त्याची म्हातारी बायको खाली घरात होती.

पाणी ओसरल्यावर गुरवानं नखांनी शेंदूर खरवडून काढला. बोटं रक्ताळली, तरी तो थांबला नाही. मग तो कुंभारणीच्या दारात आला. आत पाळण्यात तिची नात रडत होती.

"पोरी," तो म्हणाला, "पाणी कसं लिहितात, ते मला शिकव."

तिनं त्याच्यापुढे धूळपाटी ठेवली.

लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढंच ध्यानात ठेवा: पुजलेलं अक्षर मुकं राहतं, वाचलेलं अक्षर जीव वाचवतं.