तांडेलाचा हिरवा सदरा

किनाऱ्यावर दीपस्तंभ उभे राहिले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. समुद्रातल्या चारच खडकाळ बेटांवर एक सदाहरित झुडूप उगवायचं, जगात दुसरीकडे कुठेच नाही. सर्वांत लहान बेटावर तर ते एकटंच होतं. त्याचा हिरवा ठिपका दिसला की होडीवाले खडक चुकवून होडी वळवत.

एकदा किनाऱ्यावरून सुरय पक्षी आला. म्हणाला, "तिकडचा साग सगळी पानं टाकून निवांत उभा आहे. तुझं बरंय बाबा, तुझी पानं गळतच नाहीत."

"गळत नाहीत?" झुडूप थकल्या आवाजात म्हणालं. "रोज एक गळतं, रोज एक नवं काढावं लागतं. म्हणून तर कुणाला कळत नाही."

त्या दिवसापासून त्याने नवं पान काढणंच सोडलं. हळूहळू नुसत्या काड्या उरल्या.

मग एका संध्याकाळी बाबल तांडेलाची होडी खडकाला घासली आणि फळीला चीर गेली. तांडेल आणि त्याची मुलगी शेवंती कसेबसे बेटावर चढले.

"बाबा, ह्यां झुडूप मेलां. तोडून टाकूया, चुलीक तरी होयत," शेवंती रागाने म्हणाली.

तांडेलाने एक काडी नखाने खरवडली. आत ओली हिरवी साल होती.

"मेलां नाय गो, दमलां. इतकी वर्सां उभां आसा, कोणी इचारल्यान?"

त्याने अंगातला हिरवा सदरा काढून वल्ह्याला बांधला आणि वल्हं कपारीत रोवलं. मग फळीची चीर चिंध्यांनी बुजवून दोघं उरलेल्या वल्ह्यावर घरी परतली.

खाऱ्या वाऱ्याने पंधरा दिवसांत सदऱ्याचा रंग उडाला. झुडूप अजून दमलेलंच होतं. तरी कुणी न सांगता त्याने एक पान काढलं.