तीन गाड्या आणि बिरनाळे मास्तर

गाड्यांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. सांगलीच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात एक मोठी जीप, एक सेडान आणि एक छोटी गाडी अशा तिघी उभ्या होत्या. दसऱ्यापर्यंत गिऱ्हाईक मिळालं नाही, तर तिघींना भंगारात जायचं होतं.

एके सकाळी बिरनाळे मास्तर सपत्नीक आले आणि मोठ्या जीपपाशी थांबले. लगेच सेडान फिस्कारली, "हिला घेताय? ताक प्यावं तसं डिझेल पिते बया!"

"आणि तुझं पोट दर स्पीडब्रेकरला घासतं, महाराणी!" जीप म्हणाली.

कोपऱ्यातली छोटी पुढे सरसावली. "मास्तर, मी लिटरला बावीस देते."

"चढ आला की एसी बंद करावा लागतो, तेही सांग की!" दोघी एकदम ओरडल्या.

मास्तरीणबाई हसल्या. "अहो, चला. आपली एसटीच बरी."

भांडणापायी गिऱ्हाईक हातचं गेलं. दसरा चार दिवसांवर आला होता.

दुसऱ्या दिवशी सात माणसांचं कुटुंब घेऊन कोरगावकर आले आणि स्वस्त म्हणून छोटीकडे वळले. छोटी म्हणाली, "काका, एवढ्या माणसांना जीपताईच हवी. घाटात कधी दमत नाही ती."

तासाभरात जीपला हार पडला. फाटकातून निघताना तिने हळूच विचारलं, "कोरगावकर, तुमच्या ओळखीत दोघंच राहणारं कुणी आहे का हो? आमची धाकटी फार गुणाची आहे. आणि सेडानबाईंसारखं मऊ आसन अख्ख्या सांगलीत मिळणार नाही!"