अर्जावरची दुसरी सही

“पण दोघंही सारखेच खमके असले, तर बिघडलं कुठं, बाबा?”

गफूरबाबा चिंचेखाली बसून चिलीम साफ करत होते. मान वर न करता म्हणाले, “कोण म्हणतंय बिघडलं?”

दौलतशेठ काळमेघ खूश झाले. दर गुरुवारी या फकिराच्या पायाशी येऊन बसणारा माणूस. पण खरं सांगायचं, तर त्यांना बाबांकडून सल्ला नको असायचा. मान डोलावलेली हवी असायची.

सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या गावात लाकूड व्यापारी संघाची निवडणूक लागली होती. संघाची रीत जरा निराळी. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष एकाच अर्जावर उभे राहायचे, खाली दोघांच्या सह्या, आणि मत पडायचं ते जोडीला. मागच्या खेपेला शेठ नऊ मतांनी पडले. नऊच्या नऊ बांबू गल्लीतली! आता पुन्हा पडले, तर बाजारात कुणी नाव काढणार नव्हतं. अर्ज आज चारपर्यंत द्यायचा होता, आणि दुसऱ्या सहीसाठी ते प्रतापशेठ बोंद्रे यांना सोबत घेऊनच आले होते.

प्रतापशेठ म्हणजे दुसरे दौलतशेठच. तोच आवाज, त्याच मिशा, तशीच सागवानाची वखार.

“सभेत एक दमला की दुसरा सुरू,” दौलतशेठ म्हणाले. “समोरच्याला तोंड उघडायला फटच नाही ठेवत आम्ही.”

“वा!” बाबा म्हणाले. “मग जाता जाता ते खोड तेवढं कापून द्या. चुलीला जळण नाही.”

खोडावर दोन मुठींची लांब करवत पडली होती. दोघांनी तीस वर्षं लाकूड विकलेलं, पण करवतीची मूठ कधी धरलेली नव्हती. तरी टोप्या काढून ठेवून बाह्या मात्र ऐटीत सारल्या.

दोघांनी एकदमच ओढलं. करवत जागची हलेना.

मग दोघांनी एकदमच ढकललं. पातं कमानीसारखं वाकलं.

“प्रताप, सोड ना तू!”

“तूच सोड की लेका! मी का म्हणून?”

दहा मिनिटांत दोघं घामाघूम, आणि खोडावर एक ओरखडा.

तेवढ्यात मागून हसू ऐकू आलं. बाबांसाठी चटई घेऊन यमुनाबाई धुर्वे आल्या होत्या. बांबू गल्लीत त्यांचं दुकान. मागच्या सभेत याच बाई उठून म्हणाल्या होत्या, “शेठ, तुमचं भाषण संपलं असेल, तर आमच्या गल्लीतल्या नळाचं बोलू का?” सगळी सभा हसली होती. एक दौलतशेठ सोडून.

“बेटी,” बाबा म्हणाले, “प्रतापशेठला घोटभर पाणी पिऊ दे. जरा तू धर.”

बाईंनी पदर खोचला. “बापासोबत जंगलात दहा वर्षं हेच केलंय, बाबा.”

दौलतशेठनी ओढलं. करवत सरसरत आली. परत जाताना त्यांनी सवयीनं जोर लावून ढकललं...

बाईंनी मूठच सोडून दिली.

“शेठ, इकडं आणायचं काम माझं. तेव्हा तुम्ही नुसतं धरून राहायचं.”

“नुसतं?”

“हो. जमेल?”

सोपं नव्हतं ते. हात शिवशिवायचे. पण चार-पाच खेपांनंतर ठेका लागला. खर्र... खर्र... भुशाचा ढीग वाढू लागला. खोडाचे दोन तुकडे धपकन पडले, आणि दौलतशेठ जत्रेतल्या पोरासारखे खदखदून हसले.

प्रतापशेठनी पाण्याचा लोटा खाली ठेवला. “दौलत, माझी सही राहू दे. मत तेवढं घे.”

दौलतशेठनी खिशातून अर्ज काढला. जरा चाचरलेच. “बाई... कराल का?”

“आधी नळ.”

“पण सागवानाच्या वखारींकडच्या रस्त्याचं...”

बाईंनी अर्ज तसाच शेठच्या हातात परत ठेवला. शेठनी वाक्य अर्ध्यावरच सोडलं.

“बरं. आधी नळ.”

बाईंनी सही केली. शेठच्या सहीपेक्षा चांगली बोटभर मोठी.

ती मोठी सही पाहून शेठच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बाबांजवळ सरकून हळूच म्हणाले, “सगळं झालं, बाबा. पण उद्या कामं झाली, तर नाव कोणाचं घेतील लोक? अध्यक्ष मी ना?”

बाबा उठले. वाकून त्यांनी ओंजळभर भुसा उचलला, आणि शेठच्या टोपीत ओतला.

“यातला तुझ्या बाजूचा तेवढा निवडून दे. मग सांगतो.”